भाडं शून्य, पण घर फुकट नाही

ताई, कोथरूडला चार घरी पोळ्या करून तुम्ही १२ हजार मिळवता, मिस्टर कापडाच्या दुकानात १६ हजारांवर आहेत. दत्तवाडीतल्या खोलीचं भाडं ७,५०० वरून ९,००० होणार, म्हणून तुम्ही तीन जागा बघितल्यात: वडगाव मावळला ५,००० ची, शिवण्यात ६,५०० ची, आणि एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत चार लाख हेवी डिपॉझिट देऊन बिनभाड्याचा फ्लॅट.

फ्लॅटचं आधी बोलते, कारण तुमचा जीव तिथं अडकलाय. त्यासाठी दीड लाखाची एफडी मोडायची आणि अडीच लाखांसाठी दागिने गहाण ठेवायचे. एफडीवर साडेसहा टक्के धरले तरी महिन्याला आठशे रुपये बुडाले. सोनेतारण कर्ज बारा टक्क्यांनी मिळालं तर नुसतं व्याज अडीच हजार, मुद्दल वेगळं. म्हणजे ३,३०० झालेच. तरी स्वस्त, असं तुम्ही म्हणाल. आकड्यांत तसं दिसतंही. पण एसआरएचं घर ठरावीक वर्षं विकता येत नाही आणि भाड्यानंही देता येत नाही. तपासणी आली तर बाहेर तुम्ही पडणार, आणि चार लाख परत मागायला हातात काय? पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरची नोटरी. असाच कागद घेऊन एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. मालकानं त्यांच्या डिपॉझिटमधून आधीच्या भाडेकरूचे पैसे फेडले होते, आणि यांचे फेडायला त्याला पुढचा भाडेकरू मिळत नव्हता. त्या बाईंच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत तेवढी उरली होती. हा व्यवहार करू नका.

वडगावला लोकलचा पास स्वस्त पडेल, खरं आहे. पण तुमचं पहिलं घर सकाळी साडेसहाचं. शिवाजीनगरला उतरून पुन्हा पीएमपीच्या बसनं कोथरूड गाठायचं म्हणजे ते घर सुटलं, बहुधा दुसरंही. भाड्यात चार हजार वाचवायला सहा हजारांची कामं सोडायची का?

शिवणे घ्या. महिन्याला अडीच हजार वाचतात आणि चारही घरं टिकतात. डिपॉझिटपुरती रक्कम एफडीतून काढा, बाकीला हात लावू नका. करार मात्र नोंदवूनच. ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. डिपॉझिटचा आकडा करारात हवा, पैसेही बँकेतूनच द्या. वीज सबमीटरवर असेल तर युनिटला किती घेतात ते आधीच ठरवा. पाणी किती वेळ येतं हे मालकाला नको, शेजारच्या बाईला विचारा.

आणखी एक. तुमचं दोघांचं वर्षाचं उत्पन्न ३ लाख ३६ हजार होतं. म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या पुणे मंडळाच्या घरांच्या सोडतीत अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा पुणे महानगर क्षेत्रात ६ लाख आहे, तुम्ही आरामात बसता. अधिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. नंबर लागला तर दागिने तेव्हा कामाला येतील.

शिवण्याच्या कराराचा मसुदा आला की सही करायच्या आधी मला पाठवा, मी वाचून देईन.