तिकडच्या घराला पडवी आहे

"मॅडम, सगळं सोडून कुठंतरी लांब खेड्यात जाऊन राहावंसं वाटतं, आम्हाला वेड लागलंय का?" हा प्रश्न लॉकडाऊननंतर मी इतक्या वेळा ऐकलाय की आता समोरचा "सगळं सोडून" म्हणाला की मी पाण्याचा ग्लास पुढं सरकवते. चिपळूणला समुपदेशक म्हणून बसते मी, ऑनलाईन पण असतेच, पण मे महिन्यात नि गणपतीत मुंबईची माणसं प्रत्यक्ष येतात. आधी त्यांना कर्जत-नेरळकडं फार्महाऊस हवं असायचं, आता थेट परदेश. कुणाला सिसिलीतलं एक युरोचं घर हवं (ते ठरावीक वर्षांत दुरुस्त करायची अट असते, हे व्हिडिओत शेवटी बारीक अक्षरात येतं), कुणाला पोर्तुगाल, नि या जोडप्याला जपान.

दोघांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल ते सगळं बदललंय. तो चाळिशीचा, ऐरोलीला आयटीत. ती शिक्षिका. मुलगी नऊ वर्षांची. गाव गुहागर तालुक्यात.

पहिल्या दिवशी तो लॅपटॉपच घेऊन आला. एक्सेल शीट उघडली, येनचा भाव, कौलांचा खर्च, वाळवीचा खर्च, सगळं मांडलेलं. जपानात २०२३ च्या मोजणीत नव्वद लाखांच्या आसपास रिकामी घरं निघाली, खेड्यांतल्या नगरपालिका त्यांच्या याद्या वेबसाईटवर लावतात, काही तर आपल्या सेकंडहँड गाडीच्या किमतीत मिळतात. हे सगळं खरंच आहे. भारतातून वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, ते पण त्यानं काढलेलं. मी एवढंच विचारलं, "घर घेतलं म्हणजे राहायला मिळतं का?" तर नाही. परदेशी माणूस तिथं घर विकत घेऊ शकतो पण त्यानं व्हिसा मिळत नाही, त्याची वाट वेगळी, नोकरी किंवा धंदा दाखवायला लागतो. हे त्याला माहीत होतं, शीटमध्ये खाली लाल रंगात होतं. म्हणजे माणूस अडाणी नव्हता, हिशोब पक्का होता. अशा वेळी हिशोबावर वाद घालायचा नाही हे मी एवढ्या वर्षांत शिकलेय, घरचे नेमकं तेच करतात नि हरतात.

मी त्याला एक काम दिलं. तिकडचा एक दिवस लिहून आणा, सकाळपासून रात्रीपर्यंत, पण चेरीच्या फुलांचा नको, जुलैमधला पावसाचा मंगळवार लिहा.

पुढच्या वेळी त्यानं वाचून दाखवलं. छान लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. उठलो, चहा केला, पाऊस बघत बसलो, थोडं काम, परत पाऊस. ऐकता ऐकता ती हळूच म्हणाली, "ह्यात मी कुठंय?"

तो थांबला. कागद उलटसुलट केला. ती नव्हतीच. मुलगी पण नव्हती. आख्ख्या दिवसात दुसरं माणूसच नव्हतं.

बऱ्याच जणांच्या बाबतीत मी इथं थांबून बोलले असते. पण मला त्यातला एक शब्द खटकला होता. म्हटलं, "पाऊस बघत कुठं बसलात ते परत वाचा."

"पडवीत."

"जपानी घराला पडवी असते?"

"असते ना, लाकडी असते, बाहेरच्या बाजूनं..." नि मग तो सांगत सुटला. लाकडी खांब, कौलं, बसकं छप्पर, मागं विहीर, दगडी पायऱ्या उतरल्या की भातशेती. ती माझ्याकडं बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "अहो, हे तर आपलं गावचं घर आहे."

त्यानंतर सहा-सात मिनिटं कोणी बोललं नाही. बाहेर रिक्षावाले भांडत होते तेवढाच आवाज. तेव्हा बोलायचं नाही हे कुठल्याही पुस्तकापेक्षा मला माझ्या चुकांनी शिकवलंय, पूर्वी मी अशा जागी हमखास काहीतरी शहाणपणाचं बोलायचे.

गावच्या घराला २०२१ पासून कुलूप. वडील गावी होते, कोविडमध्ये गेले. ई-पासचे दिवस, याला पोचता आलं नाही. अग्नी चुलतभावानं दिला. तेराव्याला आला तेव्हा वाडीत कोणीतरी म्हणालं, "चाकरमानी आता आले." एवढंच वाक्य. वर सामाईक सातबारा, काकांशी बोलणं बंद. त्यानंतर गणपतीला पण हा गेला नाही.

मरी बोवेन नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते, माझ्या कामावर त्यांचा बराच प्रभाव आहे. घरच्यांशी न मिटलेलं माणूस बऱ्याचदा किलोमीटर वाढवून मिटवायला बघतं, पण ते गाठोडं सोबतच जातं, हा त्यांचा मुद्दा मी माझ्या भाषेत सांगते. याला गुहागर नको होतं नि गुहागरच हवं होतं, फक्त "कुठं होतास" असं विचारणारं कोणी नसलेलं.

इथं एक कबुली देते. मी स्वतः ठाणं सोडून इथं आलेली, माझ्या मनात लगेच आलं की चला, आता हा कोकणात परत येणार. तो माझा मोह होता. समुपदेशकानं स्वतःचं गाव दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये. कोकणात राहणं काय असतं ते २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी माझ्या तळमजल्यात आलं तेव्हा मला पण कळलंच की.

म्हणून सांगितलं एवढंच की निर्णय काही घेऊ नका, जूनमध्ये जा, कुलूप उघडा, तीन रात्री राहा. गणपतीत नको, तेव्हा गाव शोकेसमध्ये असतं.

तो एकटाच गेला, नि परत आला तो चिडून. "दुसऱ्याच रात्री वाडीची माणसं दारात! पायऱ्यांची पाखाडी खचलीय, वर्गणी काढा, नि रविवारी श्रमदानाला या." मी विचारलं, जपानात काय होईल? तो हसायलाच लागला, कारण ते त्यानं वाचलं होतं, फक्त शीटमध्ये घेतलं नव्हतं. तिथल्या खेड्यात पण वस्तीची संघटना असते, वर्गणी असते, ठरल्या दिवशी सगळ्यांनी रस्त्याकडेचं गवत कापायचं, पाटाचा गाळ काढायचा. रानडुकरं नि माकडं शेतात घुसतात ते पण सेम. "म्हणजे तिथं पण गावकीच," तो म्हणाला. "नि ती जपानीत."

मग मी विचारलं, वर्गणी दिली का? दिली होती. श्रमदानाला पण गेला होता, चुलतभावाच्या शेजारी उभं राहून दगड उचलले. बोलले का? "नाही. पाणी दिलं त्यानं."

जे विचारतात त्यांना मी हे सांगते. शांतता हवी असेल तर खेडं ही चुकीची जागा आहे, शांतता शहरातल्या बंद फ्लॅटमध्ये जास्त मिळते, खेड्यात माणसं मिळतात नि ती मोजकीच असल्यानं टाळता येत नाहीत. वाईटातल्या वाईट सीझनमध्ये महिनाभर भाड्यानं राहून बघा. जपानी घर घेत असाल तर १९८१ च्या आधीचं आहे का विचारा, त्या वर्षी भूकंपाचे बांधकाम नियम कडक झाले. आजूबाजूला शाळेत जाणारी पोरं किती ते विचारा. शिकोकू बेटावर नागोरो म्हणून गाव आहे, तिथली शाळा २०१२ मध्ये बंद पडली नि वर्गात आता माणसाएवढ्या बाहुल्या बसवल्यात. ती बातमी या मुलीनं बघितली नि दोन रात्री आईजवळ झोपली. तिला तोवर कोणी काही विचारलंच नव्हतं. आणि ती घरं रिकामी का झाली तेही बघा, पोरं टोकियोला गेली म्हणून. आपल्याकडं २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, ते पण असंच की.

सगळ्यात आधी मात्र स्वतःला एक विचारा, तिथं गेल्यावर कुठल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागणार नाही? तो प्रश्न सापडला की मग खुशाल जा. मी कोणाला अडवत नाही, एक जोडपं खरंच पोर्तुगालला गेलंय नि मजेत आहे.

हे तिघं फेब्रुवारीत जपानात, बर्फात महिनाभर राहायला जाणारेत, शाळेची सुट्टी कशी घ्यायची ते ठरतंय. गावच्या घराची कौलं या पावसाच्या आधी शाकारून झाली, काकांची सही अजून मिळालेली नाही. जपानीचा क्लास चालू आहे. मुलगी दोघांच्या पुढं गेलीय, बापाच्या चुका काढते म्हणे.