पाजताना रडू येतं

प्रश्न : बाळंतपणाला खानापूरला माहेरी आलेय, नवरा बेळगावात उद्यमबागेत कामाला. बाळ सव्वा महिन्याचं, पण माया दाटून येत नाही. मी वाईट आई का?

उत्तर : मुळीच नाही, ताई. माया पुष्कळदा सवयीनंच लागते. बाळंतपणानंतरचं रडवेलेपण मात्र २ आठवड्यांत ओसरायला हवं. तुमचं टिकलंय, म्हणून आशाताईंना सांगून तालुका दवाखान्यात दाखवा. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं. बाळ शांत जागं असताना उघड्या छातीवर घ्या. बोलताना चेहरा वीतभर अंतरावर धरा, त्याला तेवढंच नीट दिसतं. तोंड फिरवलं तर थांबा. ते थकलंय, तुम्हाला नाकारत नाही. रात्री पाजल्यावर आईकडे द्या, सलग ३ तास झोपा. नवऱ्यानं रविवारी पाहुण्यासारखं न बसता लंगोट बदलावेत. स्वतःला वा बाळाला इजा करण्याचा विचार आला, तर त्याच क्षणी घरच्यांना सांगून दवाखाना गाठा.