क्लारा बार्टनचे कागद वाचताना

क्लारा बार्टनचे कागद उघडलेस की लगेच बाईंनी १८८१ मध्ये स्थापन केलेल्या अमेरिकन रेड क्रॉसकडे धावू नकोस. आधी अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरचा, १८६५ ते १८६८ मधला बेपत्ता सैनिकांचा पत्रव्यवहार घे. मुलगा, नवरा हरवलेल्यांची हजारो पत्रं यायची आणि बाई नावांच्या याद्या छापून सगळीकडे पाठवायच्या. अँडरसनव्हिलच्या युद्धकैदी छावणीत असलेल्या सैनिक डोरेन्स अ‍ॅटवॉटरने मृतांची यादी गुपचूप उतरवून ठेवली होती, ती इथे कामी आली. सिनेटर हेन्री विल्सन, स्त्रीहक्कांसाठी लढणाऱ्या फ्रान्सिस गेज ही नावं दिसली की साल टाकून वहीत टिपत जा; बाईंचा गोतावळा असाच उलगडतो. रोजनिशी पत्रांशी ताडून बघ. बाईंची उदासी तिथेच सापडते, भाषणांत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला हा संग्रह घरबसल्या वाचता येतो. अक्षर लागायला मात्र वेळ जाणार, कंटाळू नकोस.