कोर्टाने वाढीव मावेजा मंजूर केला, तरी सरकार पैसे देत नाही. मग पैसे मिळतात तरी कसे?

तुमची दोन एकर जमीन २००८ साली पाझर तलावात गेली. चार वर्षांपूर्वी कोर्टाने वाढीव मावेजा, म्हणजे जमिनीची वाढीव भरपाई, मंजूर केला, अजून छदाम मिळालेला नाही आणि आता जप्ती आणावी का, असं तुम्ही विचारलंय. मी मराठवाड्यातल्या एका भूसंपादन कार्यालयात अव्वल कारकून होतो. अशा फायली वर्षानुवर्षं हाताळल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जप्ती आणता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ प्रमाणे सरकारला हुकूमनाम्यापासून, म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या आदेशापासून, तीन महिने मिळतात. तेवढ्यात रक्कम भरली नाही तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज, चालते. तुमचे तीन महिने कधीच उलटलेत. दरखास्त दाखल झाली आहे का, हे वकिलांना आजच विचारा. ती दाखल करायला १२ वर्षांची मुदत असते म्हणून अनेक जण निवांत राहतात आणि तिथेच फसतात.

जप्तीचा एक दिवस सांगतो. बेलिफ वॉरंट घेऊन आला, मागे टेम्पो. आमच्या खुर्च्या, संगणक, साहेबांच्या केबिनमधला पंखासुद्धा व्हरांड्यात आला. साहेबांनी दोन महिन्यांत रक्कम भरतो असं लेखी दिलं, बेलिफाने तसा अहवाल लिहिला आणि सामान पुन्हा आत गेलं. त्या शेतकऱ्याची म्हातारी आई पायरीवर बसली होती. मला म्हणाली, ‘‘बाबा, या खुर्च्यांचे किती येतील रं?’’ मला काही बोलता आलं नाही. रक्कम आली ती सात महिन्यांनी.

कारण पैसा आमच्याकडे नव्हताच. ज्या खात्यासाठी जमीन घेतली, त्या खात्याने, म्हणजे संपादन संस्थेने, तो द्यायचा असतो. निकालाची नक्कल आली की आधी अपील करायचं का यावर सरकारी वकिलांचं मत मागवतात. यात महिने जातात. मग भूसंपादन कार्यालय व्याजाचा तक्ता करून संपादन संस्थेकडे निधीची मागणी पाठवतं. तिथून ती वरिष्ठ कार्यालयाकडे आणि पुढे मंत्रालयात. तक्त्यात एक तारीख चुकली की फाईल त्रुटी काढून परत. तोवर आर्थिक वर्ष संपलेलं असतं आणि मागणी नव्याने करावी लागते.

बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे. संविधानाच्या अनुच्छेद २०२ प्रमाणे, न्यायालयाचा हुकूमनामा भागवायला लागणारी रक्कम हा राज्याच्या एकत्रित निधीवरचा ‘भारित’ खर्च आहे. त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. तरतूद अपुरी पडली तर पुरवणी मागण्यांत ती दाखवता येते. म्हणून ‘बजेट नाही’ हे उत्तर ऐकून घरी जाऊ नका. माहिती अधिकारात एवढंच विचारा: आमच्या प्रकरणात निधीची मागणी कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने, कोणाकडे पाठवली? अनेकदा तो अर्ज आल्यावरच मागणी तयार व्हायची. हे मी पाहिलंय आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

उशिराचा भुर्दंड सरकारलाच बसतो. तुमचं प्रकरण १८९४ च्या जुन्या कायद्यातलं. त्यात वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिलं वर्ष ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज आहे. वाढीव रक्कम दोन लाख धरली तर वर्षाला ३०,००० रुपये, म्हणजे फाईल टेबलावर पडून राहिलेल्या प्रत्येक दिवसाचे ८२ रुपये. ते जनतेच्या तिजोरीतून जातात.

सरकारने उच्च न्यायालयात अपील केलं असं सांगतील. नुसत्या अपिलाने दरखास्त थांबत नाही, स्थगितीचा आदेश लागतो. तो आदेश मागून घ्या आणि त्यात किती रक्कम भरायला सांगितली आहे ते वाचा. लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव आला आणि थोडं व्याज सोडायला सांगितलं, तर माझ्या मते विचार करावा, कारण त्या निवाड्यावर अपील होत नाही. मात्र रक्कम भरायची तारीख आणि ती चुकली तर पूर्ण व्याज, हे दोन्ही तडजोडीत लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

रक्कम कोर्टात जमा झाली की व्याज थांबतं, हेही ध्यानात ठेवा. कोर्टातून ती काढायला वेगळा अर्ज द्यावा लागतो. सातबारा, आधार, पासबुक यांवर वडिलांचं नाव एकसारखं आहे का ते आत्ताच तपासा. आमच्याकडे ‘ज्ञानोबा’ आणि ‘ज्ञानदेव’ एवढ्या फरकावरून एका माणसाचे पैसे आठ महिने अडकले होते. ते आठ महिने संपायच्या आतच तो माणूस गेला, आणि मग वारसांची कागदपत्रं गोळा करण्यापासून पुन्हा सुरुवात झाली.