‘नोकरी लागल्यावर फी द्या’ : सही करावी का?

प्रश्न : मुलगा यंदा बी.एस्सी. झाला. पुण्यात नऊ महिन्यांचा सॉफ्टवेअरचा कोर्स करायचा म्हणतो. रोख भरली तर फी १ लाख ८० हजार. नाहीतर आत्ता काहीच नाही. वर्षाला ५ लाखांच्या वर नोकरी लागली तर ३६ महिने पगाराचे १५ टक्के द्यायचे, जास्तीत जास्त साडेतीन लाख. मी एसटीत वाहक आहे. दुसरा पर्याय घ्यावा का?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी आकडेमोड करू. मुलाला ६ लाखांची नोकरी लागली तर महिन्याला ७,५०० जातील, तीन वर्षांत २ लाख ७० हजार. त्याऐवजी रोख फीइतकं, म्हणजे १ लाख ८० हजारांचं, कर्ज काढून साडेदहा टक्क्यांनी तीन वर्षांत फेडलं तर हप्ता साधारण ५,८५० आणि एकूण २ लाख १० हजार. शिकतानाचं व्याज वर पंधरा-वीस हजार धरा. म्हणजे ‘नोकरी लागल्यावर फी’वालं प्रकरण चाळीसेक हजारांनी महाग. ते पैसे कशाचे? नोकरी नाही लागली तर काही द्यायचं नाही, या विम्याचे. एका पगारावर चालणाऱ्या घराला हा विमा मला महाग वाटत नाही. फक्त तो खरोखर विमा हवा.

घोळ इथेच असतो. माझी अठ्ठावीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात गेली. मागे शेजारच्या मुलीचे असेच कागद वाचायला आले. पहिल्या पानावर ठळक ‘नोकरी नाही, तर फी नाही’. सातव्या पानावर फायनान्स कंपनीचा कर्जाचा अर्ज, तिच्याच नावाने. वडील सहकर्जदार आणि खात्यातून हप्ता वळता करायचं संमतीपत्र. उद्या संस्थेला टाळं लागलं तरी हप्ता चालूच! तुमच्या कागदांत ‘सहकर्जदार’ शब्द दिसला तर तिथेच थांबा.

पंधरा टक्के कशाचे, तेही विचारा. सीटीसीचे, म्हणजे कंपनी मुलावर करणार त्या एकूण खर्चाचे, असतील तर त्यात कंपनीचा पीएफचा वाटाही येतो. मुलाच्या हातात पन्नासऐवजी बेचाळीस-त्रेचाळीस हजारच पडतील आणि कापले जातील पुरे साडेसात.

साडेतीन लाखांची मर्यादा मात्र जमेची. १९७१ साली अमेरिकेत येल विद्यापीठाने अशीच योजना काढली होती : कर्जाच्या दर हजार डॉलरमागे मिळकतीचे ०.४ टक्के, ३५ वर्षांपर्यंत आणि सगळ्या गटाचं देणं एकत्र, म्हणजे पूर्ण गटाचं फिटेपर्यंत भरत राहायचं. भरपूर कमावणारे एकरकमी भरून सुटले, काहींनी भरलंच नाही, प्रामाणिकांच्या मानगुटीवर देणं राहिलं. शेवटी विद्यापीठालाच ते माफ करावं लागलं. ऑस्ट्रेलियात १९८९पासून हाच विचार बरा चालला, कारण तिथे वसुली सरकार करातून करतं.

आणि हो, पुण्यातली खोली आणि मेस यांचा नऊ महिन्यांचा खर्च दोन्ही पर्यायांत नाही. तो तुमच्याच पगारातून जाणार. त्याचं काय ठरवलंय?