‘एथनिक करेक्शन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे नळीत जोरात फुंकायला लावतात त्या फुप्फुसचाचणीच्या, माहितीपत्रकाचं भाषांतर करताना ‘एथनिक करेक्शन’ला ‘वांशिक दुरुस्ती’ म्हटलं तर चालेल का?

मी म्हणेन, टाळा. दुरुस्ती बिघडलेल्या गोष्टीची होते. इथे यंत्र धड असतं आणि फुंकलेली हवाही तेवढीच राहते. बदलतो तो ‘अपेक्षित’ आकडा. समजा वय, उंची, लिंग पाहून अपेक्षा ४ लिटरची आहे आणि माणसाने ३ लिटर हवा सोडली. झाले ७५ टक्के. ८० च्या खाली आकडा आला की सहसा पुढची चौकशी सुरू होते. पण हाच माणूस कृष्णवर्णीय म्हणून नोंदवला आणि अमेरिकेत रूढ असलेले १० ते १५ टक्के कापले, समजा १५, तर अपेक्षा ३.४ लिटरवर येते आणि तेच ३ लिटर ८८ टक्के ठरतात. अहवाल नॉर्मल! म्हणून माझी पसंती ‘वंशनिहाय वजावट’ला. शब्द हिशेबाच्या वहीतला वाटेल, पण घडतं नेमकं तेच.

ही वजावट आली कुठून? लंडनच्या डॉक्टर जॉन हचिन्सनने १८४६ मध्ये स्पायरोमीटरवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. पाचच वर्षांनी, १८५१ मध्ये, अमेरिकेच्या दक्षिणेतला डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट गुलामांची फुप्फुसं सुमारे २० टक्क्यांनी कमी भरतात असं सांगू लागला. वर, सक्तीच्या मजुरीने त्यांचं रक्त शुद्ध होतं, हेही त्याचंच म्हणणं. (अशा माणसाचं गणित तपासून घ्यायला हवं होतं, नाही का?) अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर बेंजामिन गूल्डने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय सैनिकांच्या फुप्फुसांची मापं छापली, १८६९ मध्ये. तीही राहणीमानाचा विचार न करता. कोंदट घरं, धूळ, कुपोषण यांनी फुप्फुसांवर जे केलं ते जन्मजात म्हणून खपलं. पुढे हा फरक सूत्रांत आणि यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला, फुप्फुसं बिघडवणाऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या भरपाईच्या दाव्यांत ओवेन्स कॉर्निंग कंपनीने कृष्णवर्णीय कामगारांसाठी वेगळा, अधिक कडक निकष लावायचा प्रयत्न केला, तो याच आधारावर. वजावट कोणाच्या खिशातून होते, ते तिथे उघड दिसलं.

‘वंश’ शब्दाचीही थोडी पंचाईत आहे. मराठी कानाला तो आधी वंशावळ, वंशाचा दिवा अशा घराण्याकडे नेतो. त्यामुळे ‘वंशानुसार बदल’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला आजार आईवडिलांकडून आल्यासारखं वाटेल. ‘वंशनिहाय’मध्ये ‘जिल्हानिहाय’सारखी गटवारी दिसते, ते बरं.

आपल्याकडच्या अहवालांसाठी एक सूचना. ‘अपेक्षित’ आकडा काढायच्या २०१२ च्या जागतिक सूत्रांत गोरे, आफ्रिकी-अमेरिकी, ईशान्य आणि आग्नेय आशियाई असे गट होते. भारतीयांचा स्वतंत्र गट नव्हता, उरलेल्यांसाठी ‘अदर’. मुंबईत डॉ. फारोख उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी निरोगी भारतीयांवरचा अभ्यास १९८७ मध्येच छापला होता, तरी यंत्रात बऱ्याचदा परदेशी सूत्रच असतं. तेव्हा अहवालावरच्या ‘अदर’चं सरळ ‘इतर गट’ करा, ‘परकीय’ वगैरे नको.

आणि २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने, म्हणजे तिथल्या फुप्फुसतज्ज्ञांच्या संघटनेने, जी ‘रेस-न्यूट्रल’ सूत्रं वापरायला सांगितली, त्यांना ‘वंशनिरपेक्ष’ म्हणा. ‘धर्मनिरपेक्ष’मुळे शब्दाची घडण ओळखीची आहे, वेगळी टीप द्यावी लागणार नाही.