'गर्द' आणि 'गर्दुल्ला'

प्रश्न आला आहे तो असा : 'गर्दुल्ला' कशावरून आला, गर्द झाडीतला 'गर्द' तो हाच का, आणि कुठल्याही नशा करणाऱ्याला गर्दुल्ला म्हणणं बरोबर आहे का?

गर्द झाडी, गर्द निळा यांतला 'गर्द' म्हणजे दाट, गडद. नशेचा गर्द निराळा. तो फारसी, अर्थ धूळ किंवा पूड. हिंदी-उर्दूत धुळीला आजही गर्द म्हणतात. जुन्या मराठीत 'गर्दीस मिळवणे' म्हणजे धुळीस मिळवणे, त्यातही हाच शब्द आहे. 1980च्या दशकात मुंबईत ब्राउन शुगर पसरली. ही तपकिरी पूड छोट्या पुड्यांतून विकली जाई, म्हणून ती 'गर्द' झाली आणि ओढणारा 'गर्दुल्ला'. त्याच दशकात अनिल अवचटांनी या व्यसनावर लिहिलं तेही 'गर्द' याच नावाने, आणि रस्त्यावरचा हा शब्द घरोघरी पोचला.

ब्राउन शुगर म्हणजे अशुद्ध, भेसळीचं हेरॉइन. 'हेरॉइन' या नावाची कथा अस्वस्थ करणारी आहे. 1874 साली लंडनमध्ये सी. आर. ऑल्डर राइट यांनी अफूतल्या मॉर्फिनवर प्रक्रिया करून हे रसायन पहिल्यांदा बनवलं, पण ते तिथेच पडून राहिलं. 1897 मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी ते पुन्हा तयार केलं. अ‍ॅस्पिरिनही त्यांनी त्याच सुमारास केलं होतं. पुढच्या वर्षी कंपनीने ते खोकल्यावरचं औषध म्हणून बाजारात आणलं आणि नाव दिलं हेरॉइन, 'वीरोचित' अशा अर्थाच्या जर्मन विशेषणावरून. मॉर्फिनसारखी याची सवय लागत नाही, असा तेव्हा समज होता. प्रत्यक्षात ते शरीरात गेल्यावर मेंदूत झपाट्याने पोचतं आणि तिथे त्याचं मॉर्फिनच होतं. बायरने 1913 मध्ये उत्पादन थांबवलं, अमेरिकेने 1924 मध्ये ते बेकायदा ठरवलं. नाव मात्र राहिलं. (सिनेमाची हिरॉइन आणि हे हेरॉइन दोन्ही मुळात एकाच ग्रीक शब्दाकडे जातात.)

गर्दच्या दुनियेतला आणखी एक शब्द सांगायलाच हवा : 'टर्की'. इंग्रजी बोलीत व्यसन एकदम तोडण्याला 'कोल्ड टर्की' म्हणतात. आपल्याकडे त्यातला 'कोल्ड' गळाला आणि पूड न मिळाल्यावर होणाऱ्या यातनांनाच टर्की म्हणू लागले : जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं, उलट्या, जुलाब, रात्र रात्र झोप नाही. काही दिवसांनी हा त्रास ओसरतो, पण तो टाळण्यासाठीच माणूस पुन्हा पुडी शोधतो. तेव्हा त्याला मजा हवी असते असं समजणं चूक आहे. बऱ्याच काळाच्या सवयीनंतर पूड लागते ती निव्वळ आजारी न पडण्यासाठी.

जिवाला धोका असतो तो श्वासाचा. जास्त मात्रेने श्वास मंदावतो आणि थांबतो. सर्वांत घातक वेळ असते काही आठवडे सोडून पुन्हा घेण्याची. शरीराची सवय मोडलेली असते आणि हात जुन्याच मात्रेकडे जातो. उपचार घेऊन किंवा तुरुंगातून घरी आलेली माणसं अशीच जातात. टोचून घेणाऱ्यांत सुया एकमेकांच्या वापरल्याने एचआयव्ही आणि हेपटायटिस सी पसरतो, ते वेगळंच.

आता वापराबद्दल. गांजा ओढणारा गांजेकस, चरस ओढणारा चरसी, आणि गर्दुल्ला तो गर्द ओढणारा. एमडी (मेफेड्रोन हा उत्तेजक अमली पदार्थ) घेणाऱ्याला किंवा सोल्युशन (चिकटवायचा द्रव) हुंगणाऱ्या पोराला बातम्यांत सर्रास गर्दुल्ला म्हणतात, ते मुळाला धरून नाही. वेगवेगळ्या पदार्थांचे धोके आणि उपचार वेगळे असतात, त्यामुळे ही गल्लत निव्वळ व्याकरणाची नाही. माझं मत विचाराल तर गर्द घेणाऱ्यालाही हा शब्द लावू नये. तो नेहमी हेटाळणीनेच उच्चारला जातो, आणि ज्या घरातला मुलगा या फेऱ्यात सापडला आहे तिथे तो ऐकवतही नाही. आईवडील मदत मागायला कचरतात, त्यात या शब्दाचाही वाटा आहे. 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातसुद्धा स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम आहे. बातमीत 'हेरॉइनचं व्यसन असलेला तरुण' लिहिलं तर जागा थोडी जास्त लागेल. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेल्याला 'रुग्णमित्र' म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो, आणि लिहिताना मी तोच वापरते.